फॉर्म भरणाऱ्याला भेटलीस का?

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला आणि दिवसभर डोक्यात तेच फिरतंय. "मॅडम, मी पार अडकलोय, काय करू सांगा." एकीकडं मार्केट रिसर्च, दुसरीकडं अपघातांच्या डेटाचं काम, कुठली नोकरी धरू म्हणून. पुण्यात दोन वर्षं काढलीस तरी आपल्या कोल्हापूरच्या पोरींचं ते "अडकलोय" गेलं नाही बघ, लई बरं वाटलं. ह्या "अडकलोय"वर माझी एक जुनी जखम आहे, ती सांगते पुढं.

आधी तू पाठवलेली अपघातांच्या डेटाची नोटबुक, ती कोडची फाईल. तू हुशार आहेस, विद्यापीठात स्टॅट केलंयस, पायथन येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. अपघातांचा हीटमॅप, म्हणजे जिथं अपघात जास्त तिथं लाल असा नकाशा, छान काढलायस, मॉडेल तीन तऱ्हेनं तपासलंयस, रंगसुद्धा नीट निवडलेत. पण त्यात एका जागी लालभडक ठिपका आहे, एकाच लॅट-लाँगवर, म्हणजे अक्षांश-रेखांशावर, एकतीस अपघात, दशांशचिन्हानंतरचे सहाच्या सहा आकडे सेम. एकतीस गाड्या एकाच फरशीवर येऊन आपटल्या होय गं? मी तो नंबर मोबाईलच्या मॅपवर टाकून बघितला, दोन मिनिटं लागली. पोलीस ठाण्याचं आवार निघालं. जप्त केलेल्या गाड्या लावतात ना, ती जागा. जागेवरनं परत येऊन कुणीतरी ठाण्यात बसून एंट्री केली आणि मोबाईलनं माणूस जिथं बसलाय तिथलंच लोकेशन उचललं. आणि तू त्याला "हाय रिस्क क्लस्टर वन" असं नाव देऊन मोकळी झालीस.

मला राग आला, खरंच आला. कोडमध्ये तुझी एक चूक नाही, पण तू फॉर्म भरणाऱ्याला भेटली नाहीस.

आता हे बारीकसारीक वाटेल तुला, पण आपल्याकडं ब्लॅक स्पॉट कशाला म्हणतात ते आठव. साधारण ५०० मीटरचा पट्टा, त्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे नोंद अर्धा किलोमीटर इकडं तिकडं सरकली की एक वळण यादीतनं बाहेर पडतं, आणि यादीत नाही म्हटल्यावर तिथं रंबलर नाही, दिवा नाही, बोर्ड नाही. ते एकतीस अपघात कुठल्या तरी खऱ्या वळणावर झालेत आणि ते वळण तुझ्या नकाशावर हिरवं आहे.

तू विचारलंस की मार्केट रिसर्चमधनं पब्लिक सेफ्टीत गेलं तर आधीचा एक्स्पीरियन्स वाया जातो का. मी १४ वर्षं मार्केट रिसर्च केलं आणि त्यानंतर सगळं आयुष्य अपघात, कंट्रोल रूमचे कॉल आणि गुन्ह्यांच्या नोंदी ह्यात घातलंय, तर माझं ऐक.

२००३ साल, मी मुंबईत एका रिसर्च कंपनीत होते. कपडे धुण्याच्या पावडरचा सर्व्हे, पश्चिम महाराष्ट्रातली पाच शहरं, त्यात आपलं कोल्हापूर. तेव्हा फॉर्म कागदाचे, मोकळ्या प्रश्नांची उत्तरं बाई जशी बोलली तशी हातानं लिहायची. गठ्ठे मुंबईला आले, तिथं तपासणारी पोरं बसलेली. एका फॉर्मवर लिंगाच्या चौकटीत "स्त्री", आणि उत्तरात "मीच आणतो बाजारातनं, दुसऱ्याला कळत न्हाई." तपासणाऱ्याला वाटलं इंटरव्ह्यू घेणारीची टिकमार्क चुकली. त्यानं "पुरुष" केलं. असे पुढं शेकड्यानं. तो बिचारा कोल्हापूरला कधी आलाच नव्हता, इथं बायकापोरी "मी येतो, मी करतो" म्हणतात हे त्याला कोण सांगणार. सांगणारी त्याच मजल्यावर बसलेली, राजारामपुरीत वाढलेली, स्वतःचं "मी येतो" मुंबईत सगळे हसले म्हणून पहिल्या वर्षीच टाकून दिलेली. मी. डेडलाईन होती म्हणून मी फायनल टेबल बघून सही केली, फॉर्मचा एकही गठ्ठा सोडून बघितला नाही. रिपोर्टमध्ये गेलं की कोल्हापुरात पावडर पुरुष निवडतात. क्लायंटनं त्यावर वर्षभर पैसे घातले. मला कुणी बोललं नाही कारण कुणाला कळलंच नाही. मला कळलं आठ महिन्यांनी, घरी आईच्या कपाटाखाली त्याच सर्व्हेचा एक उरलेला कोरा फॉर्म सापडला, इंटरव्ह्यू शेजारच्या काकूंचा झालेला, त्या म्हणाल्या "मीच बोललो की तिच्याशी, अर्धा तास बसलो." तिथंच पायातलं बळ गेलं माझ्या.

तेव्हापासून मी एकच धरून बसलेय. आकडा हातात आला की आधी तो लिहिणाऱ्याला भेटायचं. मॉडेल नंतर.

सेफ्टीत आले तेव्हा मला वाटलं इथं सरकारी नोंद आहे, सही-शिक्का आहे, इथं तसं होणार नाही. काय सांगू. अपघाताच्या कारणाचा रकाना बघ, जिथं तिथं ओव्हरस्पीडिंग, देशाच्या वार्षिक अहवालातसुद्धा दरवर्षी तेच सगळ्यात वर. वेग हे कारण असतंच, खोटं म्हणत नाही मी. पण एकदा एका ठाण्यात दोन दिवस नुसती बसून राहिले आणि हवालदारांना विचारलं, काका, रस्त्याकडेला उसाची ट्रॉली अंधारात उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, मोटरसायकलवाला येऊन धडकला, ह्यात "भरधाव वेगानं, हयगयीनं, अविचारानं" कुठनं आलं? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कलम बसायचं तर तसंच लिहावं लागतंय." तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २८१ झालंय, पण ते वाक्य तेच. म्हणजे त्या रकान्यात रस्त्याचं कारण कमी आणि कलमाची भाषा जास्त. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं संध्याकाळनंतर रस्त्यावर काय असतं ते तुला मी सांगायला पाहिजे का? ते तुझ्या डेटात "वेग" म्हणून बसलंय. हे मला कुठल्या अल्गोरिदमनं सांगितलं नाही, त्या हवालदारांनी सांगितलं, अर्धा कप चहावर. आणि हे ऐकायचं कसं, प्रश्नाचा साचा उत्तराला कसा वळवतो, हे मी मार्केट रिसर्चमध्ये शिकले होते. आता सांग, वाया गेलं का?

तरी मी पुन्हा चुकले. एका शहरात रात्रगस्तीचं नियोजन करायचं होतं, कंट्रोल रूमला आलेल्या कॉलवरनं. एका वस्तीतनं कॉल जवळपास शून्य. मी तो भाग "लो रिस्क" केला, गाडी दुसरीकडं गेली. त्या वस्तीतले लोक कंट्रोल रूमला फोनच करत नव्हते, थेट नगरसेवकाच्या माणसाला उठवायचे, हे मला चार महिन्यांनी तिथल्या एका बाईनं सांगितलं, आणि त्या चार महिन्यांत तिच्या दुकानाचं शटर दोनदा फोडलेलं. ती ओरडलीसुद्धा नाही माझ्यावर, नुसती बघत राहिली.

हे काही माझ्या एकटीचं नाही. २०१६ साली क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक ह्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओकलंडच्या ड्रग्जच्या नोंदी घेऊन दाखवलं होतं की जिथं पोलीस आधी जास्त गेले तिथंच मॉडेल परत पोलीस पाठवतं, ड्रग्ज घेणारे मात्र शहरभर पसरलेले. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, पीक कापणीच्या सर्व्हेत हेच भांडले. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, ते उत्पन्न मोजायला शेतातला जो तुकडा कापायचे तो लहान असायचा. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा लहान घेतला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. म्हणजे वाद दोन मोठ्या माणसांचा, पण मुद्दा कुठला? दोरी धरून शेतात उभा असलेला माणूस कडेवरचं रोप आत घेतो की बाहेर ठेवतो.

लोक म्हणतात मी हट्टी आहे, मीटिंगमध्ये लोकांना अडवते. एका ठिकाणी मी फील्डला न पाठवता रिपोर्टवर सही करायला नकार दिला आणि माझं प्रमोशन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान मुलाला गेलं. माझा भाऊ अजून म्हणतो, ताई, सही केली असतीस तर आज बाणेरला फ्लॅट असता. असता. पण मी चुकले नाही, हे मी तुला लिहून देते. आधी दोनदा मी चुकले ती न बघता होकार दिला म्हणून, नकार दिला म्हणून नाही. आणि हे मी स्वतःला समजावायला लिहितेय असं तुला वाटलं तर वाटू दे.

तर अपघातवाल्यांच्या ऑफरचं. पगार तीस टक्के कमी, अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, घरी लोनचे हप्ते, हे मी हलकं धरत नाही, बाबांशी बोलून घे. पण दोन्हीकडं फोन करून एकच विचार: पहिल्या महिन्यात मला फील्डवर पाठवणार का? रिसर्चवाल्यांना विचार, इंटरव्ह्यू घेणाऱ्या मुलीबरोबर चार दिवस दारोदार जाऊ द्याल का. अपघातवाल्यांना विचार, ठाण्यात आणि जागेवर जाऊ द्याल का. जे "कशाला, डेटा तयार मिळेल" म्हणतील तिथं जाऊ नकोस, दुप्पट दिले तरी. दोघंही हो म्हणाले तर जिथं पैसे जास्त तिथं जा, मी काही बोलणार नाही. डोमेन, डोमेन काय लावलंयस, कामाचं क्षेत्र कुठलंही असू दे. जुलै-ऑगस्टात तुझ्या घरी सगळे पंचगंगेचे फूट आणि इंच विचारत बसतात, ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, तुझ्या आजीलासुद्धा पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीपाशी हायवे बंद, तेव्हा कुणी विचारलं का कुठलं मॉडेल? पाणी मोजतात त्या "राजाराम बंधाऱ्यावर कोण बघून आलंय?" एवढंच विचारत होते.

शनिवारी तू कोल्हापुरात आहेस म्हणालीस. सकाळी तुझी ती एकतीस नोंदींची प्रिंट घेऊन त्या ठाण्यात जा. ओळख सांग, उगाच कॅमेरा काढू नकोस, आधी त्यांचं ऐक. एंट्री कोण करतं ते विचार, तो माणूस ड्युटीवर नसला तर कधी येणार ते विचार, आणि तो आला की एकेक ओळ दाखवून "ही गाडी कुठं पडली होती हो?" म्हण. त्यांना आठवतं, बघ तू. नकाशावर पेननं खूण करून घे, लॅपटॉप घरी ठेव. मग रात्री नऊनंतर मला फोन कर, त्याआधी माझं औषध-जेवण असतंय.