अरबी समुद्रातलं वादळ बघायला शिकताय?

आधी हवामान विभागाचं बुलेटिन वाचा, रंगीत अ‍ॅप नंतर. त्यातली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपली वेळ. नवखे इथेच गडबडतात. मग वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश दर सहा तासांनी कागदी नकाशावर मांडा. वेग आणि वळण आपोआप दिसतं.

अमेरिकी वादळ-इशारा केंद्राचे वाऱ्याच्या वेगाचे आकडे जास्त दिसले तर घाबरू नका. ते एका मिनिटाची सरासरी घेतात, आपला विभाग तीन मिनिटांची. आपल्या विभागाच्या हिशेबात वारा ताशी 62 किमीपासून पुढे गेला की ‘चक्रीवादळ’.

नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती काढलेला, पुढे रुंद होत जाणारा शंकू म्हणजे फक्त केंद्र कुठे असू शकेल याचा अंदाज. वारा-पाऊस त्याच्या बाहेरही असतो: 2021 चं तौक्ते मुंबईला न धडकता समुद्रातून गेलं, तरी कुलाब्याला झोत ताशी शंभरावर गेले.

मुंबईसाठी खरा प्रश्न, केंद्र कोणत्या बाजूने किनाऱ्याला लागतंय? आपल्याकडे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. दक्षिणेला, अलिबागकडे लागलं (2020 चं निसर्ग) तर मुंबईत वारा जमिनीकडून येतो. जरा उत्तरेला लागलं तर तोच समुद्रावरून पाणी आत ढकलतो. तेव्हा भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवा.

दहा दिवस पुढचं एकाच मॉडेलचं (संगणकी अंदाजाचं) चित्र मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, कृपा करून.