आयएलएसने (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे) ढगांखाली आल्यावर सेसना 172 या छोट्या विमानाचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) लगेच पूर्ण टाकावेत का?

नाही, 200 फुटांवर धावपट्टी दिसली तर फ्लॅप 10 अंशांवरच राहू द्या आणि फक्त पॉवर कमी करत उतरा. 3 अंशांच्या उतारावर 90 नॉटने येताना तिथून चाकं टेकायला जेमतेम 25 सेकंद उरतात. त्यात फ्लॅप टाकले की नाक उचलतं, विमान वर तरंगतं, ट्रिम (नाकाचा तोल स्थिर ठेवणारं नियंत्रण) पुन्हा लावावा लागतो. शिवाय 172 एस या मॉडेलमध्ये 10 अंशांपुढच्या फ्लॅपला 85 नॉटची मर्यादा आहे, म्हणजे 90 ला ते टाकायचेच नाहीत. मुंबईची 27 क्रमांकाची धावपट्टी सुमारे 3,400 मीटर लांब आहे, म्हणजे अशा ठिकाणी थांबायला जागा भरपूर असते. जास्तीचा वेग फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक हळूच उचलताना) आपोआप उतरू द्या. जबरदस्तीने टेकवलंत तर पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उड्या मारतं.

माझ्या मते मोठा धोका फ्लॅपचा नाहीच, तो धावपट्टी दिसताच नाक खाली घालण्याचा आहे. जुलैच्या पावसात काचेवरच्या पाण्यामुळे आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं भासतं आणि हा मोह वाढतो. म्हणून थ्रेशोल्ड (धावपट्टीची सुरुवात) जवळ येईपर्यंत पापीचे (उतार बरोबर आहे का ते दाखवणाऱ्या धावपट्टीशेजारच्या दिव्यांचे) दोन पांढरे, दोन लाल दिवे सोडू नका. धावपट्टी पुन्हा दिसेनाशी झाली, तर लगेच गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

हे लांब धावपट्टीपुरतंच. आखूड धावपट्टीवर जायचं असेल तर वेग आणि फ्लॅप ढगात असतानाच, फायनल अप्रोच फिक्सच्या (शेवटची उतरण जिथे सुरू होते त्या बिंदूच्या) आसपास लावून घ्या.