आपला संघ शेजारच्या बड्या संघाकडून वर्षानुवर्षं हरत असेल, तर चाहत्याने ते पचवायचं कसं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. तुमचा संघ त्याच शहरातल्या मोठ्या संघाकडून सतत हरतोय, डर्बीच्या, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या सामन्याच्या, आठवड्यात मित्र तुम्हाला जगू देत नाहीत, आणि त्यांचं "तुम्ही आता आम्हाला प्रतिस्पर्धी वाटतच नाही" हे वाक्य पराभवापेक्षा जास्त लागतं. शेवटी तुम्ही विचारलंय की संघ बदलावा का. मी अ‍ॅटलेटिको माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल संघाचा चाहता आहे, तेव्हा या विषयात माझा अनुभव दांडगा आहे असं समजा.

आधी त्या वाक्याबद्दल बोलतो. नोव्हेंबर 2011 मध्ये आमच्याच शहरातल्या रेयाल माद्रिदने त्यांच्या बेर्नाबेऊ या मैदानावर आम्हाला 4-1 असं हरवलं. त्या सामन्यात रेयालच्या प्रेक्षकांनी छोट्या जाहिरातीच्या थाटात एक फलक धरला होता. त्याचा मथितार्थ असा, की बऱ्यापैकी डर्बी खेळता यावी म्हणून लायक प्रतिस्पर्धी पाहिजे. त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडली असती. शिवी देणारा निदान तुमची दखल घेतो. एकतर्फी वैराची खरी गंमत (आपल्यासाठी नव्हे, बघणाऱ्यासाठी) हीच आहे, की ते वैर मनापासून फक्त हरणारा जगत असतो. जिंकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडेच असतं. रेयालवाल्यांना वर्षभर बार्सिलोनाची काळजी, आमच्यासाठी ते कॅलेंडरवरचे दोन रविवार पुरेसे.

आकडे सांगतो, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. 30 ऑक्टोबर 1999 रोजी अ‍ॅटलेटिकोने बेर्नाबेऊवर रेयालविरुद्ध 3-1 असा विजय मिळवला. पुढचा विजय 17 मे 2013 रोजी. मधली चौदा वर्षं, पंचवीस सामने, एकही विजय नाही. त्यातही कडी म्हणजे 1999 चा तो सामना ज्या हंगामात जिंकला, त्याच हंगामाच्या शेवटी आमचा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. रेयालने त्या 2000 सालीही चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली आणि 2002 सालीही.

या काळात आम्ही तग कसा धरला? मुख्यतः दुःखाची एक सुंदर गोष्ट रचून. तिची सुरुवात 1974 पासून होते. युरोपियन चषकाच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध जादा वेळेतली शेवटची काही मिनिटं उरलेली असताना लुईस आरागोनेसने फ्री किकवर गोल केला. चषक जवळजवळ हातात आला होता. अगदी शेवटच्या क्षणी बायर्नच्या श्वार्त्सेनबेकने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला, त्यात 4-0 असा धुव्वा. तेव्हापासून संघाला ‘एल पूपास’ म्हणतात, म्हणजे कायम काहीतरी लागून, खरचटून घरी येणारं पोर. पुढे दुसऱ्या श्रेणीतल्या वनवासात, 2001 साली, क्लबची एक टीव्ही जाहिरात आली. गाडीत मागे बसलेला मुलगा वडिलांना विचारतो, बाबा, आपण अ‍ॅटलेटिकोचे का आहोत? वडिलांना उत्तर सुचत नाही. बस्स, एवढीच जाहिरात. ती बघून डोळ्यांत पाणी येणारे हजारो लोक आहेत, मीही त्यातलाच.

पण इथे मी माझ्याच लोकांच्या विरोधात बोलणार आहे. ही गोष्ट गुंगीच्या औषधासारखी आहे. ऑपरेशनपुरती ठीक, रोज घेऊ नये. "आमच्या नशिबातच सोसणं आहे" असं एकदा मान्य केलं, की कोणी कोणाला जाब विचारत नाही. 2000 ची घसरण काही ग्रहदशेने झाली नव्हती. डिसेंबर 1999 मध्ये न्यायालयाने अध्यक्ष हेसूस हिल यांना आणि त्यांच्या संचालक मंडळाला बाजूला करून क्लबवर प्रशासक नेमला होता. कारभाराचे धिंडवडे निघाले होते आणि आम्ही मात्र नशिबाची गाणी गात होतो. तुमच्या संघाच्या बाबतीतही हे तपासून बघा. हरण्याचं कारण पैसा आहे, प्रशिक्षक आहे, की चुकीची खेळाडू-खरेदी? कारण कळलं की पराभवाचा राग येतो, पण लाज वाटेनाशी होते. हा फरक मोठा आहे. रेयाल हा 2023-24 च्या हंगामात एक अब्ज युरोंहून जास्त महसूल मिळवणारा जगातला पहिला फुटबॉल क्लब ठरला. अ‍ॅटलेटिकोचा महसूल त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. हे माहीत असलेला माणूस मित्राच्या टोमण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरा उपाय म्हणजे शेजाऱ्याच्या पराभवात आनंद मानणं. हा सगळेच करतात, करावाही. युरोपात रेयाल हरलं की मला झोप चांगली लागते, यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र याला एक हद्द आहे. मे 2010 मध्ये रोममध्ये लाझिओचे चाहते आपल्याच मैदानात इंटरच्या गोलांवर टाळ्या वाजवत होते, कारण लाझिओ जिंकला असता तर विजेतेपदाच्या शर्यतीत त्याच शहरातल्या रोमाचा फायदा झाला असता. इंटर 2-0 जिंकला, रोमाची लीग हुकली, लाझिओवाले खूश. मे 2024 मध्ये लंडनमध्ये हाच खेळ झाला. टॉटनहॅम आपल्या घरी मँचेस्टर सिटीकडून हरत होता आणि शेजारच्या आर्सेनलला विजेतेपद मिळू नये म्हणून त्याच्याच बऱ्याच चाहत्यांना ते हवंहवंसं वाटत होतं. प्रशिक्षक पोस्टेकोग्लू सामन्यानंतर चांगलेच तापलेले दिसले. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. मला लाझिओवाल्यांची मजा वाटते, टॉटनहॅमवाल्यांची कीव येते. का ते नीट सांगता येणार नाही. बहुधा लाझिओवाल्यांनी निदान त्याचा तमाशा केला, फलक लावून खोटा हळहळणारा उद्गार काढला, म्हणून असेल.

तिसरं, थोडं अंतर ठेवणं. 1976 साली रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथला फुटबॉल वेगळा, पण चाहते तेच. संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसत. सामन्याबद्दल बोलताना जिंकल्यावर "आम्ही" जास्त येई आणि हरल्यावर "ते". हे वाचून अनेकजण म्हणतात, बघा, लोक किती दुटप्पी! मला तसं वाटत नाही. डर्बीनंतरचे दोन दिवस "ते हरले" म्हणायची मुभा स्वतःला द्या. तिसऱ्या दिवशी "आपण" आपोआप परत येतं.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कोणी सांगणार नाही. चौदा वर्षं सतत हरण्यापेक्षा बरोबरीला आल्यावर हरणं कितीतरी जास्त दुखतं. डिसेंबर 2011 मध्ये, त्या फलकानंतर महिन्याभरात, दिएगो सिमेओने प्रशिक्षक म्हणून आला. मे 2013 मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेचा अंतिम सामना, तोही रेयालच्याच मैदानात. रोनाल्डोने आघाडी घेतली, दिएगो कोस्टाने बरोबरी केली, रेयालचे फटके तीनदा खांबाला लागले, आणि जादा वेळेत मिरांडाच्या हेडरने 2-1. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या मैदानात बरोबरी साधून आम्ही लीग जिंकली. फेब्रुवारी 2015 मध्ये रेयालला 4-0. लीगमध्ये पारडं खरंच समान झालं.

आणि याच काळात लिस्बन आलं. 24 मे 2014, चॅम्पियन्स लीगची फायनल, गोदीनच्या गोलाने 1-0 अशी आघाडी, नव्वद मिनिटं संपलेली, आणि त्र्याण्णवाव्या मिनिटाला कॉर्नरवर सर्जिओ रामोसचं डोकं. जादा वेळेत 4-1. दोन वर्षांनी मिलानमध्ये पुन्हा तेच दोन संघ, यावेळी पेनल्टी, हुआनफ्रानचा फटका खांबाला. 2015 आणि 2017 मध्येही त्यांनीच बाहेर काढलं. मार्च 2025 मध्ये पेनल्टी शूटआउटमध्ये हुलियान आल्वारेझचा पाय घसरला, चेंडूला दोनदा स्पर्श झाला म्हणून त्याचा गोल रद्द झाला, आणि पुन्हा आम्हीच बाहेर. 1959 ची उपांत्य लढत धरली तर युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा ते पुढे गेले. म्हणजे आमचं वैर आता एकतर्फी आहे की नाही? लीगचा तक्ता एक सांगतो, युरोप दुसरं. त्या बधिर चौदा वर्षांत मी सामन्यानंतर जेवून झोपायचो. लिस्बनच्या रात्री झोपलो नाही. तेव्हा तुमचा संघ सुधारावा अशी इच्छा करताना, आपण नेमकं काय मागतोय याची कल्पना असू द्या.

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनचं उदाहरण थोडक्यात, कारण ते वेगळं आहे. अ‍ॅनफील्ड हे मूळचं एव्हर्टनचं मैदान. भाड्यावरून वाद झाला, ते निघून गेले आणि रिकाम्या मैदानासाठी 1892 मध्ये लिव्हरपूल हा क्लब उभा राहिला. त्या मैदानावर एव्हर्टनला 1999 नंतर थेट फेब्रुवारी 2021 मध्ये विजय मिळाला, आणि तोही महासाथीमुळे स्टेडियम रिकामं असताना. एकवीस वर्षं वाट पाहिली आणि बघायला मैदानात एकही एव्हर्टनवाला नव्हता! तरी या शहरात एकाच घरात दोन्ही संघांचे चाहते असतात, आणि 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर (स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले होते) दोन्ही मैदानांच्या मधल्या स्टॅन्ली पार्कमधून निळ्या-लाल स्कार्फची साखळी जोडली गेली होती. ज्याच्याकडून आपण हरतो तो शत्रूच असला पाहिजे असं नाही, एवढंच यातून मी घेतो.

मित्रांचं काय करायचं? आकड्यांनी वाद घालू नका, आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. इतिहास काढू नका, ‘आमची परंपरा’ सुरू झाली की समोरच्याला कळतं की वर्तमानात सांगण्यासारखं काही नाही. पैजा तर अजिबात लावू नका. सामना शक्यतो आपल्या रंगाच्या माणसांबरोबर बघा, आणि शिट्टी वाजल्यावर फोन बाजूला ठेवा. टोमणा आलाच तर "हो, वाईट खेळलो" एवढं म्हणून गप्प बसा. चिडवणाऱ्याला याच्याइतकं बेचव उत्तर दुसरं नाही.

संघ बदलण्याबद्दल: बदला, कोणी अडवत नाही, कायदा नाही. पण नव्या संघाच्या पहिल्या विजयाला तुम्हाला उडी मारता येते का, ते बघा. मला दुसऱ्या कोणाच्याही गोलवर कधी मारता आली नाही, म्हणून मी इथेच आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये आम्ही रेयालला 5-2 असं हरवलं. त्या रात्री माझ्या रेयालवाल्या मित्राने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला, लीग लांबलचक असते, एका सामन्याने काही ठरत नाही. मी लगेच होकार दिला. हे वाक्य चौदा वर्षं मीच त्याला ऐकवत होतो.