नेटसीडीएफ (हवामानासारखा डेटा फायलींत ठेवण्या-वाचण्याची लायब्ररी) सोर्सपासून बसवताना 'एचडीएफ ५ सापडत नाही' म्हणून कॉन्फिगर (बांधणीआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी स्क्रिप्ट) थांबतं. घाटंजीजवळच्या खेड्यात आहे, लाईट सारखी जाते. काय करू?

आधी झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी), मग एचडीएफ ५ (मोठा डेटा साठवणारी लायब्ररी) आणि शेवटी नेटसीडीएफ-सी, या क्रमाने तिन्ही एकाच फोल्डरच्या प्रीफिक्सवर (बसवायच्या जागेवर) बसवा. नेटसीडीएफची चौथी आवृत्ती आपला डेटा एचडीएफ ५ च्या साच्यात ठेवते, त्यामुळे ती लायब्ररी आधी हवीच. बसवलेली असूनही सापडत नसेल, तर कॉन्फिगरला तिचा पत्ता दिलेला नाही: सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज या कंपायलर-लिंकरला पत्ता देणाऱ्या सेटिंग आहेत; पहिलीत त्या फोल्डरचं 'इन्क्लूड' आणि दुसरीत 'लिब' द्या. एचडीएफ ५ बांधताना हाय-लेव्हल लायब्ररी बंद करू नका, नेटसीडीएफला तीही लागते. कर्ल (इंटरनेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) नसेल तर डीएपी (दूरच्या सर्व्हरवरचा डेटा थेट वाचायची सोय) बंद ठेवा. डाउनलोड केलेल्या फायलींसाठी ते लागत नाही. यवतमाळच्या पावसासाठी हवामान खात्याच्या पाव अंशाच्या फायली वाचायला मी हे असंच बसवलंय.

लाईटचं म्हणाल तर घाबरू नका. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर पुन्हा 'मेक' (बांधणीची आज्ञा) द्या, झालेलं काम सोडून ते पुढे सुरू होतं. फक्त लिंक करताना एखादी ऑब्जेक्ट फाईल (कंपाईल झालेला तुकडा) अर्धवट असल्याची तक्रार आली, तर 'मेक क्लीन' करून नव्याने बांधा. 'मेक चेक' (बांधलेलं नीट चालतं का याची चाचणी) मात्र टाळू नका, वेळ लागला तरी चालेल.

तुमच्या सगळ्या फायली जुन्या क्लासिक प्रकारच्या असतील (फाईलची पहिली तीन अक्षरं 'सीडीएफ' असतात), तर एचडीएफ ५ बंद ठेवूनही भागतं.