लस घेऊनही गोवर होतो, मग ती का द्यावी?

लस घेतलेल्या मुलाला गोवर झाल्याचे पाहून आई-वडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे, पण त्या मुलाचे दोन्ही डोस झाले होते का, हे आधी विचारावे. नवव्या महिन्यातला पहिला डोस साधारण ८५ टक्के बाळांनाच संरक्षण देतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तोवर बाळाच्या रक्तात थोडीफार शिल्लक असतात आणि लशीतल्या दुर्बल विषाणूला तीच निष्प्रभ करतात. १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरा डोस झाला की हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते.

रुग्ण खोलीतून गेल्यावरही गोवराचा विषाणू सुमारे दोन तास हवेत टिकतो. त्यामुळे २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत साथ झपाट्याने पसरली आणि सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

‘एकदा अंगावर निघून गेलेला बरा’ हे घरोघरी ऐकू येणारे मत मला सर्वांत घातक वाटते. गोवर इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, म्हणून पुरळ मावळल्यानंतरही कित्येक महिने न्यूमोनिया आणि जुलाबांचा धोका राहतो. कुपोषित मुलाच्या तो जिवावर बेततो.

लसीकरण कार्ड काढून दुसऱ्या डोसची तारीख तपासा. ती जागा कोरी असल्यास पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात हा डोस मोफत मिळतो.