बाबांना प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोन कमी करणारी औषधं सुरू होताहेत. घरी काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील 71 वर्षांचे आहेत, आजार हाडांपर्यंत गेलाय, तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड इंजेक्शन आणि ॲबिराटेरोन-प्रेडनिसोलोन या गोळ्या सुरू होताहेत, आणि ओपीडीच्या गर्दीत काही विचारता आलं नाही. मी रुग्णालयाच्या फार्मसीत आहे. औषधांची पिशवी हातात देताना जे सांगते, तेच इथे सांगते.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो, कारण दोन गोळ्यांचे नियम एकमेकांच्या उलट. ॲबिराटेरोन रिकाम्या पोटी, प्रेडनिसोलोन खाल्ल्यावर. ॲबिराटेरोनच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. जेवणाबरोबर घेतली तर ती रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरते. "नुसता चहा चालेल ना?" नाही. दुधाचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी म्हणजे खाणंच. बाबा सहाला उठत असतील तर उठल्याउठल्या पाण्याबरोबर गोळ्या, चहा सातनंतर, नाश्ता झाला की प्रेडनिसोलोन. नेहमीचा डोस 1000 मिग्रॅ, म्हणजे 250 च्या चार किंवा 500 च्या दोन. ब्रँड बदलून मिळाला तर हा आकडा आधी बघा. काही डॉक्टर मुद्दाम 250 ची एकच गोळी कमी तेलातुपाच्या नाश्त्यासोबत देतात. चिठ्ठीवर तसं असेल तर तसंच, पण पैसे वाचवायला घरच्या घरी हा प्रयोग नको. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

प्रेडनिसोलोन "स्टेरॉइड आहे" म्हणून कुणीतरी नातेवाईक बंद करायला सांगणारच. ऐकू नका. ती नसेल तर ॲबिराटेरोनमुळे बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पायांवर सूज येते, आणि स्टेरॉइड एकदम थांबवणं तसंही धोक्याचंच. घरी बीपी मोजून वहीत लिहा. लिव्हरची तपासणी पहिले तीन महिने दर पंधरवड्याला होते, ती टाळू नका. मधुमेह असेल तर साखरेवरही लक्ष हवं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन गोळीसोबत साखर फार खाली जाऊ शकते, आणि बीपी-सुजेसाठी देतात ती स्पायरोनोलॅक्टोन या उपचारात टाळतात. शिलाजीत, अश्वगंधा वगैरे "ताकदीची" औषधं न विचारता नकोत. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना उघड्या हाताने शिवू नये.

ल्युप्रोलाइडने पहिले एकदोन आठवडे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्यावर हा कॅन्सर वाढतो ते पुरुषी हार्मोन, आधी वाढतं, मग पडतं. म्हणून बऱ्याचदा आधीपासून बायकॅल्युटामाइड, म्हणजे या हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी, देतात. तुमच्या चिठ्ठीत आहे का, विचारून घ्या. या काळात पाठ नव्याने दुखू लागली, पाय लुळे वाटले किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

पुढे अंगातून गरम वाफा येतील, थकवा येईल, वजन वाढेल. वाफा म्हणजे काय ते आई बरोबर सांगेल. हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, चालणं सोडू देऊ नका आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा.

लैंगिक इच्छा आणि ताठरता बहुतेकांची जाते. मुलगा-सून शेजारी उभे असताना हे कुणी विचारत नाही, सगळे मान हलवून पिशवी घेऊन जातात. पुढच्या भेटीला बाबांना दहा मिनिटं डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. त्यांची इच्छा असेल तर आईलाही आत जाऊ द्या.