ताई, कॉपी मारून देता का?

या महिन्याच्या टपालात डिस्क आणि कॅसेटींच्या कॉपीबद्दलची पत्रं बरीच आहेत. त्यातली चार घेते. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : मुलं हाताळून खराब करतील म्हणून आम्ही विकत घेतलेल्या एका इंग्रजी चित्रपटाची ओरिजिनल ब्लू-रे भाच्याने हार्ड डिस्कवर उतरवून दिली. हार्ड डिस्क ब्लू-रे प्लेअरला लावली की चित्रपट छान सुरू होतो, पण वीसेक मिनिटांनी आवाज बंद पडतो. चित्र चालूच असतं. पडद्यावर इंग्रजीत सूचना येते, त्यात 'सिनाव्हिया' असा शब्द आहे. इथल्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेलाय म्हणून साडेतीन हजार सांगितले. करून घेऊ का? आणि आम्ही केलं ती चोरी झाली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साडेतीन हजार घालवू नका. बोर्डाला काही झालेलं नाही. खात्री करायची तर ओरिजिनल डिस्क घालून तासभर बघा. आवाज टिकला तर प्लेअर ठणठणीत आहे. तो मुद्दाम गप्प बसतोय, कारण कारखान्यातच त्याला तसं शिकवून पाठवलंय.

सिनाव्हिया ही व्हेरन्स या अमेरिकी कंपनीची युक्ती. चित्रपटाच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते, ती आपल्या कानाला कळत नाही. आवाज दाबून फाइल लहान करा, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्या, अगदी थिएटरात बसून मोबाइलवर रेकॉर्ड करा, खूण आवाजाबरोबर जातेच. प्लेअर ती शोधत बसलेला असतो. सापडली की तो बघतो, हा आवाज कुलूपबंद, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून संरक्षण घातलेल्या, ओरिजिनल डिस्कवरूनच येतोय ना? तसं नसेल तर आवाज बंद, आणि पडद्यावर 'मेसेज कोड ३'. खूण थिएटरच्या प्रिंटमधली असेल तर चित्रपटच थांबतो, तो 'कोड १'. फेब्रुवारी २०१२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या ब्लू-रे प्लेअरना ही तपासणी बंधनकारक झाली. संगणकावरचे बहुतेक साधे प्लेअर ती करत नाहीत, त्यामुळे तीच फाइल लॅपटॉपवर आवाजासकट चालते. मग साहजिकच वाटतं की बिघाड प्लेअरमध्येच आहे.

आता चोरीचं. माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू तुम्ही जपताय. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती चित्रपटांनाही लागू आहे. त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कोणाचा हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडलं तर. हा 'हेतू' शब्द आपल्या कायद्यात आहे याचं मला फार समाधान वाटतं. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यात सरकारने सवलत दिलेले ठरावीक अपवाद सोडले तर कुलूप तोडणं हेच बेकायदा, मग आतला माल तुमचा का असेना.

दुसऱ्याला कुलूप काढायला मदत करणाऱ्यासाठीही ६५अ मध्ये एक अट आहे : कोणासाठी काढलं, त्याचं नाव, पत्ता आणि कारण याची पूर्ण नोंद ठेवायची. पुण्यातल्या तापकीर गल्लीजवळच्या आमच्या दुकानात बाबांच्या काळच्या लाल खतावणीत मी ती नोंद ठेवते. ओरिजिनल डिस्क टेबलावर ठेवल्याशिवाय काम घेत नाही. कारणाच्या रकान्यात गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायचं. 'मुलांसाठी' असं बरेच जण लिहितात. 'वर्गात दाखवायला' असंही एका शिक्षकांनी लिहिलं होतं. हा रकाना भरायची वेळ आली की काही जण 'राहू द्या' म्हणून डिस्क उचलून जातात. त्यांना ती कशासाठी हवी होती ते मला विचारावं लागत नाही.

या कुलपांचा राग मला एवढ्यासाठी येतो की ती पडतात ती नेमकी विकत घेणाऱ्याच्या पदरात. डीव्हीडीचंच बघा. १९९६ मध्ये तिला सीएसएस नावाचं कुलूप लावलं, चाळीस बिटांची किल्ली. १९९९ च्या ऑक्टोबरात ते उघडणारा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो पसरवणाऱ्यांत योन लेक योहान्सन हा नॉर्वेचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या आपल्या संगणकावर डीव्हीडी बघता यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याच्यावर खटला भरला गेला. ऑस्लोच्या कोर्टाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, अपिलातही त्याच डिसेंबरात तोच निकाल आला. स्वतः घेतलेली डिस्क हवी तशी बघण्याचा हक्क कोर्टाने मानला. इकडे रस्त्यावर डुप्लिकेट विकणाऱ्याचं काय अडलं? काहीच नाही. त्याच्या डिस्कला कुलूप नसतं, आणि 'कॉपी करणं गुन्हा आहे' ही पुढे न ढकलता येणारी पाटीही नसते. ती पाटी दर वेळी बसून वाचायची ती तुम्ही-आम्ही, पावती घेऊन आलेल्यांनी.

फुटपाथवरच्या धंद्याला खरा धक्का बसलेला मी पाहिला तो स्वस्ताईने. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. आमच्या गल्लीत डुप्लिकेट मागणारी माणसं तेव्हा पावतीसकट ओरिजिनल घेऊन जाऊ लागली. परवडेल असा माल समोर आला की बहुतेक लोक सरळ वागतात, हा माझा गल्ल्यावर बसून झालेला अनुभव आहे.

मात्र ती हार्ड डिस्क भाच्याच्या मित्राकडे, तिथून कॉलनीच्या ग्रुपवर गेली तर माझं उत्तर बदलेल. तुमची प्रत तुमच्या घरात राहू दे.

प्रश्न : पुण्याहून आणलेल्या मराठी डीव्हीडी इथल्या प्लेअरमध्ये चालत नाहीत, 'रीजन एरर' येतो. काय करावं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : डीव्हीडीसाठी जगाचे प्रदेश पाडलेत. अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. डिस्कच्या कव्हरमागे पृथ्वीच्या गोळ्याच्या चित्रात तो आकडा असतो. ५ असेल तर तिकडचा प्लेअर ती नाकारणार. 'ऑल' किंवा ० लिहिलेली चालते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ डिस्क तशा असतात, म्हणून पुढच्या खेपेला घेताना मागची बाजू बघा. सगळे प्रदेश वाचणारा प्लेअर घेणं सगळ्यात सोपं. तो पाल (आपल्याकडची) आणि एनटीएससी (अमेरिकेतली) या टीव्हीच्या दोन्ही पद्धती चालवतो ना, तेही विचारून घ्या. संगणकाच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, पण पाचच वेळा, आणि पाचवा कायमचा बसतो. घाईने बदलत सुटू नका. दुकानात पैसे मोजून घेतलेली डिस्क तुम्ही दुसऱ्या देशात बघताय, यात गैर काहीही नाही.

प्रश्न : १९९३ च्या माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट आहे. वडील आता नाहीत, त्यांचा आवाज त्या एकाच कॅसेटमध्ये आहे. डिजिटल करायला संगणकाला जोडायचं यंत्र आणलं, तर ते मधेच थांबतं आणि 'कॉपी प्रोटेक्टेड' म्हणतं. घरच्या कॅसेटला कसलं प्रोटेक्शन? शूटिंगवाल्याने काही केलं असेल का? कॅसेटवर पांढरे ठिपकेही आहेत.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शूटिंगवाल्यावर संशय घेऊ नका. यंत्राची गफलत आहे. चित्रपटांच्या कॅसेटींना मॅक्रोव्हिजन नावाचं संरक्षण असायचं. टीव्हीच्या चित्राच्या वरच्या टोकाला, पडद्यावर कधी न दिसणाऱ्या ओळी असतात. त्यांत मुद्दाम जोरदार झटके भरलेले. टीव्ही ते मनावर घेत नसे, पण रेकॉर्ड करणारा व्हीसीआर फसायचा, सिग्नल फार मोठा आलाय समजून तो कमी करायचा, आणि कॉपीत चित्र कधी काळवंडलेलं, कधी भगभगीत यायचं. जुन्या टीव्हीला डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरमधून जोडणाऱ्यांनाही हेच दिसायचं. पिक्चर ट्यूब गेली म्हणून लोक टीव्ही उचलून दुकानात आणत. बाबा मधला व्हीसीआर काढून वायर सरळ जोडायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत.

तुमचं नवं यंत्र त्या झटक्यांच्या शोधात असतं. तीस वर्षांच्या कॅसेटची पट्टी ताणलेली असते, कडा खराब झालेली असते, आणि त्याच न दिसणाऱ्या ओळींत खरखर येते. यंत्र तिलाच मॅक्रोव्हिजन समजून थांबतं. यावर उपाय टाइम बेस करेक्टरचा, म्हणजे टीबीसीचा. तो ओळी नव्याने बांधून स्वच्छ सिग्नल पुढे देतो. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. कॅसेट डिजिटल करून देणाऱ्याला आधी विचारा, "टीबीसी आहे का?" हा प्रश्न ज्याला कळणार नाही त्याला कॅसेट देऊ नका.

त्याहून निकडीचे आहेत ते पांढरे ठिपके. ती बुरशी आहे, कोकणातल्या दमट हवेत ती हटकून येते. कॅसेट आता एकदाही लावून बघू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागाला, लागते, पट्टी ओरखडते, आणि त्या व्हीसीआरमध्ये पुढे लावलेल्या प्रत्येक कॅसेटला पसरते. उन्हात तर मुळीच ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि आधी पट्टी साफ करवून घ्या, मग डिजिटल. वडिलांचा आवाज आहे, घाई करू नका.

हक्काची काळजी तर नकोच. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच, असं कायद्याचं कलम १७ सांगतं. ती मुंज तुमच्या घरची आहे आणि कॅसेटही.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात मराठी नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी आणि व्हीसीडींचा मोठा संग्रह आहे. बऱ्याच आता बाजारात मिळत नाहीत. सभासद कॉपी मागतात. पन्नास रुपये देणगी घेऊन द्याव्यात असा कार्यकारिणीत विचार आहे. नाटक लोकांपर्यंत पोहोचेल, वाचनालयालाही हातभार लागेल. व्हीसीडीला तर कुलूपही नसतं. आपलं मत?
– एक ग्रंथपाल, डोंबिवली

उत्तर : देऊ नका, अशी मनापासून विनंती आहे. व्हीसीडीला कुलूप नसतं हे खरं. पण कुलूप नाही म्हणून घेऊन जाण्याची परवानगी मिळते असं थोडंच आहे? पन्नास रुपयांना तुम्ही देणगी म्हणा, घेणाऱ्याच्या लेखी ती व्हीसीडीची किंमतच. सांगलीच्या वाचकांची प्रत त्यांच्या घरात राहणार आहे. तुमच्या प्रती शंभर घरांत जातील, आणि ज्यांनी नाटक उभं केलं त्यांना त्यातला एक रुपयाही पोहोचणार नाही.

मराठी नाटकाचं अर्थकारण तुम्हाला मी काय सांगू? नटाला नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती प्रयोग झाला तर. पडद्यामागे नेपथ्य लावणारे आणि प्रकाशयोजना सांभाळणारे यांचंही तसंच. चित्रण बाजारात आलं की त्याचा गावोगावच्या प्रयोगांच्या बुकिंगवर परिणाम होतो, हे पत्करून निर्माता व्हीसीडी काढतो. लेखकाचा हक्क तर त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं त्याच्या वारसांकडे असतो. कितीतरी नाटककारांच्या घरी मानधनाचा हिशोब आता पत्नी किंवा मुलं बघतात. त्यांना न विचारता वाटलेल्या कॉपीला मी नाट्यसेवा म्हणू शकत नाही.

तरी तुमची तळमळ खोटी आहे असं मुळीच नाही. कॅसेटी कुजताहेत, व्हीसीडी वाचत नाहीत, आणि चित्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. २००० साली निघालेल्या व्हीसीडीचा २०६० पर्यंत चालेल. तोवर डिस्क राहिलेली नसेल. म्हणून जे करता येतं ते आजच करा.

मूळ प्रती सभासदांना घरी द्या. ना-नफा वाचनालयाने ओरिजिनल चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण उसनं देणं कायदा व्यावसायिक भाड्यात धरत नाही. दुसरं, कलम ५२ मध्येच सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, पण मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. म्हणजे तुमच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर घेता येतील आणि व्हीसीडी घेता येणार नाहीत, कारण व्हीसीडी आधीच डिजिटल! इथे कायदा चुकतो असं माझं ठाम मत आहे. कायदा लिहिणाऱ्यांना डिजिटल म्हणजे टिकाऊ असं वाटलं असावं. माझ्या टेबलावर येणाऱ्या डिस्कवर आतला चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटलेला असतो, उजेडात धरली की पलीकडचं दिसतं.

व्हीसीडींसाठी निर्मात्याला पत्र लिहा. कलम ५२अ प्रमाणे कव्हरवर निर्मात्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता छापावा लागतो, तो तुमच्या हातातच आहे. जतनासाठी एक प्रत आणि वाचनालयात बसून बघण्याची सोय, एवढंच मागा. सभासदांच्या कॉपीचा विषय त्या पत्रात नको. लेखक हयात नसतील तर वारसांनाही एक पत्र जाऊ दे. नाटकवाल्यांना आपलं काम कोणीतरी जपतंय याचं अप्रूप असतं, नकार येईलच असं धरून चालू नका.

उत्तर येईपर्यंत एक काम करा. वाचनालयं डिस्कवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात, ती पद्धत थांबवा. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, मागच्या जाड प्लॅस्टिकपेक्षा तीच बाजू नाजूक. चिठ्ठी सुटताना थर घेऊन सुटते, आणि बॉलपेनने लिहिलं तर नाटकाच्या मधल्या अंकावर रेघ पडते. क्रमांक कव्हरवर लिहा. डिस्कवर हवाच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने. आधी चिकटवलेल्या चिठ्ठ्या मात्र काढायला जाऊ नका, आहेत तशाच राहू द्या.